हॉलीला फळे का धरत नाहीत? : बागेविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात हिवाळ्यातही हिरव्या राहणाऱ्या झाडांविषयी लिहिले होते. त्यात अमेरिकन हॉलीला जेमतेम एक परिच्छेद मिळाला होता, आणि तरीही आलेली बहुतेक पत्रे तिच्याविषयीच आहेत. म्हणून या वेळचे सदर एकट्या हॉलीला दिले आहे. ज्यांनी हे झाड पाहिले आहे पण नावाने ओळखलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: जाड, चिवट, कडेला टोकदार काटे असलेली गर्द हिरवी पाने, करड्या रंगाचे गुळगुळीत खोड, बुंध्यापासून शेंड्याकडे निमुळता होत जाणारा डौल, आणि मादी झाडावर शरद ऋतूपासून पुढे महिनोन्महिने टिकणारी वाटाण्याएवढी लाल फळे. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेकडे टेक्सासपर्यंत ती रानात आपोआप वाढते. न्यू जर्सीत सँडी हुकच्या वाळूच्या पट्ट्यावर हॉलीचे अख्खे जुने रान उभे आहे, आणि डेलावेअरने १९३९ मध्ये तिला आपला राज्यवृक्ष ठरवले. आपण अमेरिकेत जिथे राहायला आलो तिथले हे मूळचे झाड आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रश्न : आमच्या घरामागे अमेरिकन हॉली आहे. नऊ वर्षांपूर्वी लावली तेव्हा कमरेएवढी होती, आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. दर वर्षी बारीक पांढरी फुले भरपूर येतात, पण फळ एकही धरत नाही. मी दोन वर्षे खत वाढवून पाहिले. काय कमी पडते आहे? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : खत कमी पडत नाही. ते या वर्षीपासून निम्मे करा, किंवा बंद केलेत तरी चालेल.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी कोकणात कोकमाची झाडे आहेत त्यांना हा प्रकार ठाऊक असतो. बी रुजवून वाढवलेल्या कोकमाच्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात. त्यांना फुले येतात, पण आमसुलाला फळ मिळत नाही. म्हणूनच आता कोकमाची कलमे लावतात. पपईच्या काही वाणांतही नर आणि मादी झाडे वेगळी असतात. हॉलीचे नेमके तसेच आहे. एक झाड एकतर नर असते नाहीतर मादी. फळ फक्त मादीला धरते, आणि तेही जवळपास नर झाड असेल आणि मधमाश्यांनी त्याचा पराग आणून पोहोचवला तरच. फुले येऊनही फळ नाही याचा अर्थ बहुतेक वेळा दोहोंपैकी एक असतो : तुमचे झाड नर आहे, किंवा ते मादी आहे आणि परिसरात नर नाही.

यातले नेमके काय ते तुम्हाला घरच्या घरी ओळखता येईल. मेच्या उत्तरार्धात किंवा जूनच्या सुरुवातीला फुले उमलली की एक फांदी खाली ओढा आणि भिंगातून किंवा फोनच्या कॅमेऱ्यातून फूल जवळून पाहा. फूल लहान असते, पांढऱ्या पाकळ्या बहुधा चारच. मादी फुलाच्या मधोमध एक गोल, हिरवी, मोहरीच्या दाण्यासारखी गाठ ठसठशीत दिसते. तिच्या भोवती खुरटलेले चार पुंकेसर असतात, पण त्यांवर पराग नसतो. नर फुलात ती हिरवी गाठ नावापुरती असते, आणि चार पुंकेसर पाकळ्यांच्या मधून सरळ वर आलेले असून त्यांच्या टोकांवर पिवळा पराग असतो. बोट हलकेच फिरवले तर तो बोटाला लागतो. आणखी एक खूण अशी की नर फुले पानांच्या बगलेत झुबक्याने येतात, तर मादी फुले एकेकटी किंवा दोन-तीनच्या जोडीने येतात. एकदा ही हिरवी गाठ ओळखता आली की पुन्हा कधी गफलत होत नाही.

झाड मादी निघाले तर त्याच्या जवळ एक नर अमेरिकन हॉली लावा. शंभर फुटांच्या आत असेल तर उत्तम. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे तो घराच्या दर्शनी भागात असण्याची गरज नाही, मागच्या कोपऱ्यात लावलात तरी चालतो. नर नक्की त्याच जातीचा घ्या. हॉलीच्या वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या वेळी फुलतात, आणि तुमची मादी फुलेल तेव्हा नराचा बहर ओसरून गेलेला असेल तर दोन्ही झाडे शेजारी असूनही उपयोग होत नाही. रोपवाटिकेत ‘जर्सी नाइट’ या नावाचा नर आणि ‘जर्सी प्रिन्सेस’ या नावाची मादी मिळते. ही दोन्ही वाणे न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठातल्या डॉ. एल्विन ऑर्टन यांच्या कामातून आली आहेत, आणि आपल्या राज्याच्या हवेत त्यांचे रंगरूप चांगले टिकते. नावाचे वाण फाटे कलमाने वाढवलेले असल्यामुळे त्याचे लिंग आधीच ठाऊक असते. बियांपासून वाढवलेल्या बिननावाच्या रोपाचे लिंग मात्र पहिले फूल येईपर्यंत कोणालाही सांगता येत नाही, आणि त्यासाठी पाच-सात किंवा त्याहून अधिक वर्षे थांबावे लागते.

झाड नर निघाले तर कृपा करून ते तोडू नका. नऊ वर्षांची मुळे पुन्हा विकत मिळत नाहीत. त्याच्या पलीकडे एक मादी लावा.

नर आणि मादी दोन्ही असूनही एखाद्या वर्षी फळ कमी धरले तर घाबरू नये. बहराच्या आठवड्यात सलग थंड पाऊस लागला की मधमाश्या बाहेर पडत नाहीत. एका वर्षी झाड फळांनी लगडले की पुढच्या वर्षी ते थोडे विसावते, हेही आंब्याच्या गावातून आलेल्या माणसाला नव्याने सांगायला नको. मात्र बहरात असताना झाडावर किंवा त्याच्या आसपास कीटकनाशक फवारणाऱ्या कंपनीला बोलावू नका. दर उन्हाळ्यात झाड यंत्राने कापून गुळगुळीत गोळा करण्याची सवय असेल तर तीही सोडा, कारण फुले आणि कोवळी फळे त्या कापलेल्या फुटव्यांबरोबरच जातात.

प्रश्न : शेजारच्या घराच्या खिडक्या थेट आमच्या स्वयंपाकघरासमोर येतात. आडोसा म्हणून आर्बरव्हिटीची (मोरपंखीसारख्या सदाहरित झाडांची) रांग लावली होती, ती दोन हिवाळ्यांत हरणांनी माणसाच्या उंचीपर्यंत खाऊन टाकली. हॉलीची रांग लावावी का? लवकर वाढणारी जात कोणती? (एक वाचक, मध्य न्यू जर्सी)

उत्तर : तुमच्या रांगेसारख्या रांगा आमच्याही वस्तीत आहेत : खाली नुसत्या काड्या आणि वर हिरवे शेंडे. हॉलीची टणक, काटेरी पाने हरणे सहसा टाळतात. भुकेल्या हिवाळ्यात ती कोवळ्या शेंड्यांना तोंड लावतात, म्हणून रोप छातीएवढे होईपर्यंत पहिली दोन-तीन वर्षे त्याच्याभोवती जाळी ठेवावी. नर हरणे शरद ऋतूत कोवळ्या खोडांवर शिंगे घासतात आणि साल सोलून काढतात. त्यासाठीही जाळीच उपयोगी पडते.

लवकर वाढण्याविषयी मला स्पष्ट सांगितले पाहिजे. अमेरिकन हॉली सावकाश वाढते. चांगल्या जागेतही वर्षाला फूटभराच्या आसपासच. बागेत ती पंधरा ते तीस फुटांवर जाते, रानात पन्नास फुटांच्या घरात. जिला दहा वर्षे देता येतील त्या जागी तिच्यासारखे झाड नाही, पण खिडकी दोन-तीन वर्षांत झाकायची असेल तर ‘नेली स्टीव्हन्स’ या संकरित हॉलीकडे वळावे. तिची कथा मला आवडते. नेली स्टीव्हन्स या मेरीलँडच्या बाईंनी १९०० च्या सुमारास वॉशिंग्टनच्या वनस्पती उद्यानातून हॉलीची काही फळे घरी नेऊन रुजवली, आणि त्यांतून निघालेल्या रोपांपैकी एक पुढे देशभर पसरले. चिनी आणि युरोपीय हॉलीचा हा संकर आहे. पाने चकचकीत आणि काटे थोडे असतात, वाढ जोमाची असते, आणि नर जवळ नसतानाही ही मादी काही प्रमाणात फळ धरते. उंची पंधरा ते पंचवीस फुटांपर्यंत जाते, त्यामुळे दोन रोपांत सहा ते आठ फूट अंतर ठेवा. विक्रेते चार फुटांवर लावायला सांगतात, कारण त्यात रोपे जास्त खपतात. पण दहा वर्षांनी त्या दाटीत मधली झाडे खालून उघडी पडतात आणि आडोसा जिथे हवा नेमका तिथेच जातो.

माझे मत विचाराल तर खिडकीसमोर दोन-तीन ‘नेली स्टीव्हन्स’ आणि दोन्ही टोकांना एकेक अमेरिकन हॉली अशी मिश्र रांग लावावी. एकाच जातीची सरळ रांग म्हणजे एका किडीला, एका रोगाला किंवा एका भुकेल्या कळपाला दिलेले उघडे दार असते, हे तुम्ही नुकतेच अनुभवले आहे.

प्रश्न : नव्या वसाहतीत घर घेतले आहे. माती चिकट आहे, पाऊस पडला की मागच्या अंगणात दोन दिवस पाणी साचते. हॉली कुठे आणि कशी लावावी? (एक वाचक, पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : पाणी साचते तिथे लावू नये. हॉलीला ओलावा आवडतो, पण मुळांशी साचलेले पाणी तिला सोसत नाही. नव्या वसाहतीत बहुधा वरची चांगली माती बांधकामाच्या वेळी उचलली जाते आणि अवजड यंत्रांखाली दबलेल्या थरावर बोटभर माती पसरून हिरवळ अंथरली जाते. तेव्हा आधी एक साधी परीक्षा करा : फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेचे पाणी काही तासांत उतरले तर जागा ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते तसेच असेल तर दुसरी जागा पाहा, किंवा फूट-दीड फूट उंचीचा रुंद, सपाट माथ्याचा उंचवटा करून त्यावर लावा.

मी माझी पहिली हॉली अशाच एका सखल जागी लावली होती, आणि वर चूक अशी केली होती की खड्डा खोल खणून तळाशी भरपूर शेणखत आणि भुसभुशीत माती घातली होती. गावाकडे कलम लावताना असे करतात, म्हणून मला तेच बरोबर वाटले. चिकट मातीत तसा खड्डा म्हणजे हौदच होतो. भोवतालचे पाणी त्यात उतरते आणि बाहेर जात नाही. रोप दोन वर्षे जेमतेम हिरवे राहिले आणि तिसऱ्या वसंतात पाने गाळून गेले. उपटून पाहिले तेव्हा मुळे काळी पडलेली होती आणि त्यांना कुजल्याचा वास येत होता.

म्हणून खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण दुप्पट-तिप्पट रुंद असावा. खोड जिथे पसरट होऊन मुळांना मिळते तो भाग जमिनीच्या पातळीला, किंवा बोटभर वरच, दिसला पाहिजे. कित्येकदा कुंडीतल्या रोपाचा हा भाग मातीखाली गाडलेला असतो, तेव्हा वरची माती हाताने बाजूला करून तो शोधा. कुंडीच्या आत गोल गोल फिरलेली मुळे सोडवा. खड्ड्यातून निघालेलीच माती परत भरा, आणि वर दोन-तीन इंच लाकडाच्या चुऱ्याचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन पसरा. खोडाला ते चिकटता कामा नये. चार बोटे जागा मोकळी ठेवा. मातीचा ढीग खोडाभोवती ज्वालामुखीसारखा रचण्याची जी पद्धत दुकानांच्या वाहनतळांत दिसते, तिने साल कुजते.

लावण्याचा काळ एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा. ऑक्टोबर सरल्यावर लावलेल्या सदाहरित झाडाला जमीन गोठण्याआधी मुळे पसरायला अवधी मिळत नाही. पहिली दोन वर्षे, पाऊस नसेल तेव्हा, आठवड्यातून एकदा सावकाश आणि खोलवर पाणी द्या. जागा उन्हाची किंवा अर्ध्या दिवसाच्या सावलीची चालते. दाट सावलीत ती जगते, पण विरळ होते आणि फळे कमी धरतात.

प्रश्न : एप्रिलमध्ये आमच्या हॉलीची पाने पिवळी पडून गळत आहेत, काही पानांवर जांभळट कडेचे राखाडी ठिपके आहेत आणि काहींवर नागमोडी रेघा. तिन्ही एकाच रोगाची लक्षणे आहेत का? फवारणी करावी का? (एक वाचक, व्हर्जिनिया)

उत्तर : तुमच्या वर्णनावरून आणि पाठवलेल्या छायाचित्रांवरून या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली फक्त एक कीड आहे.

पिवळी पडून गळणारी पाने आतल्या बाजूची, जुन्या फांद्यांवरची आहेत. हॉली सदाहरित असली तरी तिचे एक पान जन्मभर टिकत नाही. दोन-तीन वर्षांनी ते गळते, आणि नवी पालवी फुटण्याच्या सुमारास, म्हणजे वसंतात, गळते. या देशात पानगळ म्हटले की ऑक्टोबर डोळ्यांसमोर येतो, म्हणून एप्रिलची पानगळ पाहून माणूस धास्तावतो. शेंड्याची पाने हिरवी आणि टवटवीत असतील तर काहीही करायला नको. उलट शेंड्याचीच नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता, आपल्याकडे उसात जिला केवडा म्हणतात तसा प्रकार. हॉलीला आम्लधर्मी माती लागते, आणि घराच्या काँक्रीटच्या पायाजवळ किंवा हिरवळीवर दर वर्षी चुना टाकणाऱ्यांच्या अंगणात माती अल्कधर्मी झालेली असते. तिथे लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. राज्य विद्यापीठाच्या कृषी विस्तार केंद्रात माती तपासून घ्या आणि अहवालात सांगतील त्या प्रमाणात गंधक घाला. तपासणीशिवाय काहीही घालू नका.

जांभळट कडेचे ठिपके हा बहुतेकांना रोग वाटतो. एक ठिपका भिंगाखाली धरा : मधोमध सुईने टोचल्यासारखे बारीक छिद्र दिसेल. वाऱ्याने फांद्या हलतात, शेजारच्या पानाचा काटा या पानात रुततो, आणि जखमेभोवती जांभळे वलय उमटते. झाड स्वतःलाच टोचून घेते, बाकी काही नाही. यावर बुरशीनाशक फवारणारी माणसे मी पाहिली आहेत. त्या पैशांत आणखी एक रोप आले असते.

नागमोडी रेघा ही मात्र कीड आहे. टोमॅटो आणि लिंबाच्या पानांवर जी नागअळी दिसते तिच्यासारखाच हा प्रकार, पण हॉलीची अळी वेगळी, एका लहानशा काळ्या माशीची आहे. नवी पालवी फुटते तेव्हा माशी पानात अंडे घालते. अळी पानाच्या दोन थरांमध्ये राहून मधला गर खात जाते. सुरुवातीला रेघ केसासारखी बारीक असते आणि हिवाळा सरता सरता तिचा रुंद, फिकट चट्टा होतो. असे पान उन्हासमोर धरा आणि चट्ट्यावरचा पापुद्रा नखाने अलगद सोला. आत पिवळसर अळी किंवा तपकिरी कोष सापडतो. मार्चमध्ये, माशी बाहेर पडण्याआधी, अशी पाने खुडून आणि खाली पडलेली गोळा करून पिशवीत बंद करा आणि कचऱ्यात टाका. खताच्या खड्ड्यात टाकू नका. हा उद्योग मुलांना बरोबर घेऊन करण्यासारखा आहे, हातमोजे मात्र सगळ्यांनी घालावेत. कीड फारच बोकाळली तरच औषधाचा विचार करावा, कारण या अळीला खाणारे बारीक परजीवी कीटक बागेत असतात आणि सरसकट फवारणीत आधी तेच मरतात.

हिवाळ्यानंतर नैर्ऋत्येकडची पाने करपल्यासारखी तपकिरी झाली असतील तर तो चौथा प्रकार. जमीन गोठलेली असते, मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि ऊन-वारा पानांतले पाणी काढून घेत राहतो. त्यावर उपाय आधीच्या शरदातला आहे : जमीन गोठण्यापूर्वी भरपूर पाणी देणे, आणि कोवळ्या रोपांना वाऱ्याच्या बाजूने खुंट्या रोवून गोणपाटाचा आडोसा करणे. करपलेल्या फांद्या लगेच छाटू नका. साल नखाने खरवडून पाहा. आत हिरवे असेल तर मेअखेर तिथूनच पालवी फुटेल.

प्रश्न : दाराशेजारी हॉली लावायचे ठरवले होते, पण भारतातून आलेल्या सासूबाई म्हणाल्या की काटेरी झाड दारात नको. शिवाय घरात दोन वर्षांचा मुलगा आहे. फळे विषारी असतात का? (एक वाचक, नॉर्थ कॅरोलायना)

उत्तर : सासूबाईंचे ऐका. त्यांच्या सांगण्यामागची श्रद्धा ज्याने त्याने आपापल्या परीने पाहावी, पण व्यवहारातही ते खरे आहे. हॉलीचे गळलेले पान वाळले की अधिक टणक होते, काटे तसेच राहतात, आणि दारातून अनवाणी धावत येणाऱ्या मुलाच्या पायात ते मोडते. करवंदीच्या कुंपणाजवळून गेलेल्या माणसाला ही वेदना ओळखीची आहे. दुसरे कारण जागेचे आहे : आज जे रोप पायरीशेजारी गोंडस दिसते ते वीस वर्षांनी पंधरा फूट घेराचे होते, मग त्याची एक बाजू खरडून काढावी लागते. भिंतीपासून आणि वाटेपासून दहा-बारा फूट दूर, खिडकीतून दिसेल अशा ठिकाणी लावा, आणि खालच्या फांद्या जमिनीला टेकू द्या. गळलेली पाने त्यांच्याखालीच राहतात.

फळे माणसांनी खायची नाहीत. त्यांत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. दोन-चार फळे पोटात गेली तर उलट्या आणि जुलाब होऊ शकतात, आणि लहान मूल त्याने बेजार होते. मुलाने फळे खाल्ल्याची शंका आली तर अमेरिकेत विषबाधा मार्गदर्शनाचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. कुत्र्या-मांजरांनाही फळे चालत नाहीत. पक्ष्यांना मात्र ती मानवतात. फळे सुरुवातीला कडवट असतात, म्हणून बहुतेक हिवाळाभर झाडावरच राहतात. मग फेब्रुवारीच्या सुमारास एखाद्या सकाळी रॉबिन आणि सीडर वॅक्सविंग या पक्ष्यांचा थवा उतरतो आणि झाड पाहता पाहता रिकामे होते. मुलगा काचेआड बसून ते पाहू शकेल इतके अंतर पुरेसे आहे.

प्रश्न : शिकागोत अमेरिकन हॉली टिकेल का? (एक वाचक, इलिनॉय)

उत्तर : थंडी तिला सोसते, उणे २० फॅरनहाइटच्या आसपासपर्यंत, पण तुमच्याकडची चिकट, अल्कधर्मी माती आणि सपाटीवरचा कोरडा वारा हे दोन्ही मिळून तिला जेरीस आणतात. निळसर पानांची ‘ब्लू प्रिन्सेस’ आणि तिच्यासोबत ‘ब्लू प्रिन्स’ हा नर, असे झुडपी जोडपे घराच्या पूर्वेकडच्या आडोशाला लावा, माती तपासून आणि गंधक घालून. लाँग आयलंडच्या कॅथलीन मेसर्व्ह यांनी १९५० च्या दशकात थंडीला कणखर असा आशियाई रुगोसा हॉली आणि युरोपीय हॉली यांचा संकर घरच्या बागेत सुरू केला, त्यातून ही वाणे आली. झाड होणार नाही, सात-आठ फुटांचे झुडूप होईल.

प्रश्न : सिअ‍ॅटलमध्ये रोपवाटिकेत युरोपीय हॉली पाहिली. घ्यावी का? (एक वाचक, वॉशिंग्टन राज्य)

उत्तर : घेऊ नये. तुमच्या भागातल्या दमट हवेत ती रानात पसरली आहे. पक्षी तिच्या बिया जंगलात नेतात आणि तिथल्या मूळच्या झाडांखालची जागा ती व्यापते. मी ज्या हॉलीची शिफारस करते आहे ती पूर्व किनाऱ्यावर घरची आहे, म्हणूनच करते आहे. तुमच्याकडची मूळची सदाहरित झाडे वेगळी आहेत. पॅसिफिक वॅक्स मर्टल पाहा.

प्रश्न : छाटणी केव्हा करावी? नाताळात फांद्या कापल्या तर चालतात का? (एक वाचक, डेलावेअर)

उत्तर : चालतात, आणि तुमच्या राज्यात ती जुनी रीत आहे. १९३० च्या दशकात हॉलीच्या पानाफळांची तोरणे करून देशभर पाठवण्याच्या धंद्यात डेलावेअर अग्रेसर होते. डिसेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत झाड विसावलेले असते. त्या काळात आकार राखून, आतल्या फुटव्यापर्यंत स्वच्छ काप घेऊन थोडे थोडे छाटावे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र हात लावू नका, कारण त्यानंतर फुटलेली कोवळी पालवी पहिल्या कडाक्यात जळते. जुने, वेडेवाकडे वाढलेले झाड असेल तर फेब्रुवारीअखेर बरेच मागे कापले तरी ते पुन्हा फुटते. एकदम नको, तीन हिवाळ्यांत विभागून करा.

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला आले असताना हॉली पाहिली आणि मन भरले. तिच्या बिया पुण्यात नेऊन लावता येतील का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नेऊ नका. परवानगीशिवाय बियाणे दुसऱ्या देशात नेणे नियमाला धरून नाही, आणि नेलेत तरी निराशाच पदरी येईल. हॉलीचे बी रुजायला दोन-तीन वर्षे घेते, आणि हिवाळ्याची थंडी न मिळालेले हे झाड पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात फार काळ तग धरणार नाही. हॉलीची भावंडे भारतातही आहेत, हिमालयाच्या उतारांवर आणि सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या दाट रानांत, पण ती बागेत लावण्याजोगी सहज मिळत नाहीत.

हिवाळ्यात हिरवे, दाट, सावकाश वाढणारे आणि पक्ष्यांना फळ देणारे झाड हवे असेल तर अंगणात बकुळ लावा. वर्षभर चकचकीत पान, उन्हाळ्याच्या तोंडी फुलांचा सडा, नंतर बुलबुलांना आवडणारी शेंदरी फळे. आणि एकाच झाडाच्या फुलांत दोन्ही केसर असल्यामुळे नर-मादी शोधत बसावे लागत नाही. रोपवाटिकेतून दोन-तीन फुटांचे सरळ शेंड्याचे रोप घ्या, जूनमध्ये पहिला चांगला पाऊस पडून जमीन ओली झाली की लावा, आणि पहिले दोन उन्हाळे आळे करून आठवड्यातून दोनदा पाणी द्या.